संगत की कुरघोडी?

दरबारी गवयाच्या घरात वाढल्यामुळे संगतीची मर्यादा मी लवकर शिकलो. पानाची मांडणी ही मजकुराची संगतच होय. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या 'रोलिंग स्टोन'ने रॉकचे बंड सरळ रकान्यांत मांडले. १९९२ पासून 'रे गन'मध्ये डेव्हिड कार्सन यांनी अक्षरे मोडली, ओळींवर ओळी चढवल्या. त्या संगीताचा कल्लोळ पानावर उतरला, हे मान्य. परंतु १९९४ साली ब्रायन फेरी यांची मुलाखत नीरस वाटली म्हणून त्यांनी ती निव्वळ चिन्हांच्या टंकात छापली! वाचता येणारी प्रत अंकाच्या शेवटी होती. पण गाणे रुचले नाही म्हणून तबलजीने गवयाला मैफलीच्या मागे बसवावे काय? नीरस काय, ते श्रोत्यानेच ठरवावे.