नरकाच्या चित्रांत कोण आहे तें पहा

नरकाचीं चित्रें पाहून भिणारे लोक पुष्कळ. पण त्या चित्रांत कोणाला घातलें आहे हें निरखून पाहणारे थोडे. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं हें पाहावयास शिकावें, म्हणून इटली देशांतील एका कवीची हकीकत सांगतों.

दान्ते हा फ्लॉरेन्स शहरचा. १३०२ सालीं विरुद्ध पक्षानें त्याला हद्दपार केलें. तो १३२१ सालीं राव्हेना येथें वारला, पण जन्मगांवीं पुन्हां पाय ठेवूं शकला नाहीं. ह्या परागंदा स्थितींत त्यानें नरक, शुद्धिलोक व स्वर्ग ह्यांच्या प्रवासाचें शंभर सर्गांचें काव्य रचलें. पंडितांची भाषा लॅटिन होती, पण ह्यानें लिहिलें मुलखाच्या बोलींत. पुढें १३७३ सालीं त्याच फ्लॉरेन्सनें बोकाच्चो ह्या ग्रंथकाराला नेमून तें काव्य लोकांना जाहीरपणें समजावून देवविलें.

त्या नरकांत आहेत कोण? व्याजखाऊ सावकार तापल्या वाळूवर बसले आहेत, वरून आगीचा पाऊस पडतो आहे. प्रत्येकाच्या गळ्यांत घराण्याचें चिन्ह असलेली पैशाची थैली. कवीला तोंडावरून एकहि ओळखूं येत नाहीं. ओळख पटते ती थैलीवरून! धर्माचीं पदें पैशाला विकणारे तर खडकाच्या भोकांत खालीं डोकें वर पाय असे रोवले असून तळव्यांवर ज्वाळा नाचताहेत. त्यांत खुद्द पोप तिसरा निकोलस आहे, आणि तो आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या पोपाची वाट पाहतो आहे.

हा नरक पुढें भिंतीवर उतरला. १३५० नंतरच्या दहा वर्षांत नार्दो दी चोने ह्या चिताऱ्यानें फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला ह्या देवळांत तो रंगविला. आणि तो ज्या स्त्रोत्सी घराण्याच्या दालनांत आहे, तें घराणें पेढीवाल्यांचें! १८६१ सालीं गुस्ताव्ह दोरे ह्या फ्रेंच चित्रकारानें त्याच नरकाचीं चित्रें छापलीं. प्रकाशक खर्चाला कचरला, तेव्हां त्यानें पदरचे पैसे घातले.

दान्तेचें सगळेंच आम्हांला पटतें असें नाहीं. ख्रिस्तापूर्वीं जन्मलेल्या सज्जनांनाहि त्यानें केवळ बाप्तिस्म्याअभावीं नरकाच्या पहिल्या फेऱ्यांत ठेविलें. त्याचा वाटाड्या व्हर्जिल कविहि तेथलाच. हा न्याय नव्हे. पण एवढें खरें कीं, त्याच्या नरकांत पैसा सुटकेच्या कामीं येत नाहीं. तेथें थैली म्हणजे गळ्यांतलें लोढणें.

आतां आपल्याकडे पहा. मयताच्या घरीं गरुडपुराण वाचतात, वैतरणीचें भयंकर वर्णन ऐकवितात, आणि ती तरून जाण्यास गोदान सांगतात. भीति घालणारा तोच आणि भीतीवरचा उतारा घेणाराहि तोच! नरक आहे कीं नाहीं ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण मेलेल्याच्या वाटखर्चासाठीं जित्या लेंकरांच्या तोंडचें दूध काढून देणें, किंवा तेराव्यासाठीं शेत गहाण टाकणें, हें पुण्य खास नव्हे.

म्हणून बंधूंनो, कोणी नरकाचें चित्र दाखविलें तर दोन प्रश्न विचारा. ह्यांत गरिबाला नाडणारा कोठें बसला आहे? आणि हें पाहून आम्ही भ्यालों तर पैसा कोणाच्या घरीं जाणार? उत्तर मिळेपर्यंत कनवटीची गांठ सोडूं नका.