जादा तीन लाख कशासाठी?

हायब्रिड गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न मायलेजचा येतो. खरा प्रश्न वेगळाच आहे: तुमची गाडी वर्षाला किती धावते आणि कुठे धावते?

मारुतीची ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाची हायरायडर घ्या. हायब्रिड मॉडेलचे कंपनीने सांगितलेले मायलेज लिटरला जवळपास 28 किलोमीटर, स्वस्त पेट्रोल मॉडेलचे 21 च्या आसपास. रस्त्यावर दोन्ही कमीच भरतात, म्हणून 22 आणि 16 धरू. किमतीतला फरक तीन लाख आणि पेट्रोल 104 रुपये धरू. वर्षाला 10,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे 170 लिटर, म्हणजे 17,700 रुपये वाचतात. तीन लाख वसूल व्हायला 17 वर्षे लागतील! बॅटरीची हमी मात्र आठ वर्षांची. वर्षाला 30,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे सहा वर्षांच्या आत निघतात.

रस्ताही पाहावा लागतो. ही गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते आणि कमी वेगात मोटरवर चालते. म्हणून भिवंडी-ठाण्याच्या रोजच्या कोंडीत तिचा फायदा मोठा. समृद्धी महामार्गावर एकसारख्या वेगात तो कमी होतो.

आता आपल्या घरातले बोलू. एरवी सूद नको म्हणणारी आपली माणसे गाडीच्या वेळी म्हणतात, "पेट्रोल वाचेल, त्यात हप्ता निघेल." हे जादा तीन लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर नुसते व्याजच 73 हजारांच्या वर जाते. म्हणजे 10,000 किलोमीटरवाल्याची चार वर्षांची बचत सूदात गेली. हराम-हलालचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशोब जुळत नाही.

हायब्रिडने धूर कमी होतो, हे खरे. ही सृष्टी आपल्याकडे अमानत आहे, हेही खरे. पण आठवड्यातून एकदा दारातून निघणाऱ्या गाडीने असा कितीसा धूर वाचणार?

रोज शहरात लांबचा पल्ला असेल आणि पैसे हातात असतील, तर हायब्रिड जरूर घ्यावी. तिथे ती चैन नाही, शहाणपण आहे. बाकीच्यांसाठी ते जादा तीन लाख म्हणजे इस्राफच. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ते राहिले, तर त्यात बरकत जास्त.