शत्रू शहाणा हवा!

लष्करावरचा चित्रपट म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? तोफांचा धडाका आणि नायकाचे लांबलचक भाषण! पण धडाक्याने माणूस नुसता दचकतो, त्याचा जीव टांगणीला लागत नाही. आल्फ्रेड हिचकॉक या नामवंत दिग्दर्शकाने हा फरक सोप्या शब्दांत सांगितला होता. टेबलाखालचा बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तोच बॉम्ब आधी दाखवून ठेवला, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही त्याला बसून ऐकवत नाहीत.

संकल्प रेड्डी यांचा २०१७ चा ‘द गाझी अटॅक’ पाहा. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी आपल्या ‘विक्रांत’वर डोळा ठेवून आली आणि डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडाली. हीच ‘विक्रांत’ पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती दारूखान्यात तोडायला घेतली. म्हणजे कथेचा शेवट सर्वांना ठाऊक! तरी छाती धडधडते, कारण दिग्दर्शक आपल्याला बराच वेळ पाणबुडीच्या पोटातच कोंडून ठेवतो. त्यात भर म्हणजे आतलाच तंटा. केके मेनन यांचा कप्तान चढाईला उतावीळ, राणा दग्गुबाती यांचा अधिकारी त्याला आवरायला आलेला आणि अतुल कुलकर्णी दोघांच्या कात्रीत सापडलेले. शत्रू गोळा टाकण्याआधीच घरात भांडण, मग धाकधूक होणारच!

परंतु शेवटाकडे हीच पकड सैल होते. बंद पडलेल्या पाणबुडीतले जवान राष्ट्रगीत गातात आणि ते ऐकून शत्रूचा कप्तान चिडून जाळ्यात येतो. टाळ्या मिळतात, पण इतका वेळ धूर्त वाटलेला शत्रू एकाएकी बावळट होतो. शत्रू बावळट झाला की भीती संपली आणि नायकाचा पराक्रमही हलका झाला.

आता आपले नाना पाटेकर. १९९१ साली ‘प्रहार’ हा पहिला चित्रपट दिग्दर्शित करताना त्यांनी बेळगावच्या मराठा लाईट इन्फन्ट्रीत प्रशिक्षण घेतले. ती मेहनत पडद्यावर दिसते. मेजर चव्हाण कमांडोंना इतके रगडतो की हा माणूस क्रूर आहे की जवानांचा जीव वाचवणारा, हे आपल्याला लवकर ठरवता येत नाही. उत्कंठा तिथेच आहे. माधुरी दीक्षित आणि डिंपल कापडिया यांना रंगरंगोटीविना उभे केल्यामुळे वस्तीही खरी वाटते.

शाळकरी मुलांना सोडवताना अपंग झालेला पीटर (गौतम जोगळेकर) मुंबईत परततो आणि हप्ता न दिल्यामुळे मारला जातो. त्याच्या लग्नाला म्हणून आलेल्या मेजरला शेजारीपाजारी काही सांगायला तयार नाहीत. सीमेवरचा शत्रू दिसतो तरी. इथे तो गल्लीतल्या मौनाआड उभा आहे. लष्करी चित्रपट वस्तीत आणून सोडणे, ही नानांची सर्वांत धाडसी निवड. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत राहणाऱ्याला हे मौन समजावून सांगावे लागत नाही.

उणीव आहे ती उत्तरार्धात. मेजर गुंडांना आपल्या हाताने संपवतो, मग कोर्टात प्रश्नोत्तरे होतात आणि शेवटी त्याच्यासोबत धावणारी लहान मुले दिसतात. वस्तीच्या दुखण्यावर एकाच माणसाची मूठ हा इलाज ठरतो आणि कायदा दुबळा दिसतो. जे प्रेक्षकाने स्वतः ठरवायचे, ते मेजरच बोलून टाकतो.

तरीही घरातल्या मोठ्या मुलांना ‘प्रहार’ जरूर दाखवा. हाणामारीचे तर ती आपण होऊन बोलतीलच. तुम्ही एवढेच विचारा : पीटरला मारल्यावर गल्लीतल्या दहा माणसांनी एकत्र जाऊन साक्ष दिली असती, तर मेजरला हात उचलावा लागला असता का? आणि पोरांनी उलट विचारले, ‘आपल्या गल्लीत कोण गेले असते?’ तर त्याचेही उत्तर तयार ठेवा.