आधी क्लोटिल्डे, मग लुचिया

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ८ नोव्हेंबर १९५२ रोजी बेल्लिनीचा ‘नॉर्मा’ झाला. लोक आले होते ते मारिया कॅलसला ऐकायला. इंग्लंडच्या रंगमंचावर ती त्या रात्री पहिल्यांदाच उभी राहत होती. या ऑपेरात नॉर्माची सखी क्लोटिल्डे हिच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात, स्वतंत्र गाणं एकही नाही. ती भूमिका करणारी जोन सदरलँड आदल्याच दिवशी सव्वीस वर्षांची झाली होती. ती त्या ऑपेरा कंपनीत नव्याने आलेली, आठवड्याच्या पगारावरची गायिका होती. तिच्या नावाने तिकिटं खपायला अजून सव्वासहा वर्षं जायची होती.

गाणं शिकवणाऱ्या आणि नव्या गायकांना मंच देणाऱ्या आपल्या वाचकांनी या सव्वासहा वर्षांकडे नीट पाहावं, असं फार दिवस मनात होतं. सदरलँडबद्दल लिहिलं जातं ते १७ फेब्रुवारी १९५९ च्या ‘लुचिया दि लाम्मेरमूर’पासून पुढे. त्या रात्रीनंतर ती जगाची झाली. पण त्या रात्रीचा आवाज कसा घडला, हा आपल्या कामाचा प्रश्न आहे.

ती मूळची सिडनीची. आई म्युरिएल स्वतः उत्तम मेझो, पण व्यावसायिक मंचावर न गेलेली. मुलीचा पाया तिनेच घातला. आवाजावर जोर द्यायचा नाही आणि श्वास पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मुलीने आईकडूनच उचललं. पोटासाठी तिने टायपिस्टची नोकरी केली, स्पर्धा जिंकल्या आणि १९५१ मध्ये लंडन गाठलं. कॉव्हेंट गार्डनने आधी नकार दिला आणि नंतर घेतलं. २८ ऑक्टोबर १९५२ रोजी मोत्झार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मध्ये राणीच्या तीन सख्यांपैकी पहिली म्हणून ती तिथे प्रथम गायली.

पुढच्या काळातल्या तिच्या भूमिकांची यादी मला फार बोलकी वाटते. ‘आयडा’मधली पुजारीण, जिचा आवाज पडद्याआडूनच येतो. ‘कारमेन’मध्ये आधी फ्रास्किता, नंतर मिकाएला. वाग्नरच्या ‘वाल्क्यूर’मध्ये आठ बहिणींपैकी एक. शिवाय पामिना आणि ‘टेल्स ऑफ हॉफमन’ची ओलिंपिया. १९५५ मध्ये मायकेल टिपेटच्या अगदी नव्या ‘मिडसमर मॅरेज’ची नायिका, म्हणजे कोणाचं अनुकरण करायची सोयच नव्हती. मधूनच एखादी मोठी भूमिकाही अंगावर यायची; ‘नॉर्मा’नंतर दोनच महिन्यांच्या आत तिला व्हेर्दीच्या ‘बाल्लो’मध्ये अमेलिया गावी लागली. मात्र तेवढ्यावर तिला कोणी अमेलियात अडकवून ठेवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा छोट्या भूमिकेत उभी राहायची आणि पगार तोच मिळायचा.

याच काळात तिच्या आवाजाची ओळख पटली. एवढा मोठा आवाज म्हणजे पुढची फ्लागस्टाट, वाग्नरची गायिका, असं तिला आणि जाणकारांनाही वाटत होतं. तिच्याबरोबर सराव करणारा पियानोवादक रिचर्ड बॉनिंग याला ते पटत नव्हतं. १९५४ मध्ये दोघांचं लग्न झालं. तिला स्वरांची उपजत अचूक ओळख नव्हती, आणि तो तिला न सांगता पट्टी चढवत न्यायचा. आपण नेमकं कुठवर पोचलो हे तिला नंतर कळायचं. अशा रीतीने वजनदार आवाजात चपळ तानेची आणि उंच स्वरांची जागा सापडली. १९५७ मध्ये हेंडेलची ‘अल्चिना’ झाली. ‘लुचिया’साठी ऐंशी वर्षांचे वाद्यवृंद-संचालक तुल्लिओ सेराफिन यांच्याकडे बसून तयारी झाली. पदार्पणातच नायिका झाली असती, तर बॉनिंगला प्रयोग करायला वेळच मिळाला नसता.

याच सेराफिन यांच्या संचालनाखाली १९४७ मध्ये व्हेरोनात कॅलस गायली होती. कॅलस अथेन्समध्ये एल्विरा दे हिदाल्गोसारख्या गुरूकडे शिकली; तालमीत ती कुठेच कमी नव्हती. पण पंधराव्या वर्षी विद्यार्थी-प्रयोगात सान्तुत्सा, अठराव्या वर्षी टोस्का, पुढे तुरांदोत, इसोल्दे. जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला ती वाग्नरची ब्र्यूनहिल्ड गात होती, आणि दुसरी गायिका आजारी पडल्याने त्याच सुमारास ‘पुरितानी’ची एल्विराही गायली. त्या पराक्रमाने तिला कीर्ती मिळाली. जुलै १९६५ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, तिने ऑपेराच्या मंचावरचा शेवटचा प्रयोग केला. सदरलँड १९९० पर्यंत गात राहिली.

कॅलसच्या आवाजाचं काय झालं, याची अनेक कारणं सांगितली जातात: उतरवलेलं वजन, आजारपण, मनावरचे ताण. मी एकाच कारणावर बोट ठेवणार नाही. शिवाय कॅलसने त्या थोड्या वर्षांत जे दिलं, ते सावकाश चालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना देता आलं. तरीही अठराव्या वर्षी टोस्का गाऊ शकणाऱ्या मुलीला ‘थांब’ म्हणणारं कोणीतरी तिच्याजवळ असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

असं थांबवणारी व्यवस्था युरोपात आजही आहे. जर्मन ऑपेरागृहं तरुण गायकाला वर्षाच्या करारावर, आवाजाच्या प्रकारानुसार भूमिका ठरवून घेतात. लंडनच्या रॉयल ऑपेराने २००१ पासून तरुण कलाकारांसाठी दोन वर्षांची पगारी योजना चालवली आहे. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांनाही घडण्यासाठी लंडनचं गिल्डहॉल गाठावं लागलं. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा त्या तिथे गायल्या. इथल्या मुलांना शिकवायलाही त्या येतात. पण शिकलेल्या मुलाने मग गायचं कुठे?

आपल्याकडेही अशी जागा होती. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श या मंडळ्यांत पोरं राहायची, जेवायची, भास्करबुवा बखल्यांसारख्यांची तालीम चाललेली ऐकायची, छोटी कामं करत मोठी व्हायची. त्या दिवसांतला जाच मी विसरलेलो नाही, आणि ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असंही म्हणत नाही. पण आज सोळा वर्षांच्या मुलीला एक तर दूरचित्रवाणीवर मुख्य गाणं मिळतं, नाही तर काहीच मिळत नाही. संगीत नाटकाच्या नव्या प्रयोगात सखीचं पद कोणाला द्यायचं हे तालमीच्या शेवटच्या आठवड्यात ठरतं, आणि त्याचं मानधन प्रवासखर्चातच जिरतं.

म्हणून दोन गोष्टी मागतो. शिक्षकांनी शिष्याला दोन-तीन वर्षांपुरती गाण्यांची यादी ठरवून द्यावी, आणि त्याबाहेरचं आमंत्रण आलं तर संयोजकाशी स्वतः बोलावं. नकाराचा भार मुलावर टाकू नये. संस्थांनी हंगामासाठी निदान दोन तरुण गायक पगारावर घ्यावेत, त्यांना दुय्यम भूमिका द्याव्यात, मोठ्या भूमिकेची तालीम ऐकायला बसवावं आणि ती भूमिका बदली म्हणून तयार करून घ्यावी. अशा जागा, मानधन आणि मुदत आम्हाला कळवा. पुढच्या अंकापासून त्या विनाशुल्क छापू.