बारवीची टक्केवारी रोज, काळजाची कधी?



पावसाळा लागला की बारवी धरण किती टक्के भरले, याचा आकडा पेपरात छापून येतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नळांना आणि कारखान्यांना तो हवा असतो. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, त्यांच्या छातीतला पंप किती उपसतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा आकडा काढणे म्हणजे जादू नव्हे. सोनोग्राफीच्याच जातीची तपासणी, नाव इको. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. ईसीजी म्हणजे मोटारीची वायरिंग तपासणे. पाइपातून पाणी किती पडते, फुटव्हॉल्व गळतो का, हे इकोत दिसते. डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकतो, तो हा आकडा. निरोगी हृदयाचाही तो शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. तेव्हा साठ ऐकून कुणी घाबरवले तर घाबरू नका. चाळीसच्या खाली गेला, तर मात्र पंप खरोखर थकला.

स्वीडनमध्ये लुंड येथे १९५३ साली एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र उसने आणून हृदयाची हालचाल टिपली. त्याला सत्तर वर्षे उलटली. कारखान्यातले लोखंड तपासायचे आणि माणूस तपासायचा नाही, हा कुठला न्याय?

चढावर दम लागतो, पाय सुजतात, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो. आमच्याकडे याला ‘वय झाले’ म्हणतात, नाही तर दम्याची गोळी देतात. वेळेत मोजले तर रोजच्या साध्या गोळ्यांवरही पुष्कळांना पुन्हा बांधावर उभे राहता येते. माती न तपासता युरिया फेकणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग या कारभाराला का म्हणावे?

यंत्राला हार घालून कुलपात ठेवण्याचा समारंभ आम्हाला नको. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, तिन्ही ठिकाणी इकोचा वार ठरलेला असावा आणि तो फलकावर लिहिलेला असावा. यंत्र धरणारा हात शिकलेला असावा. आकडा मराठीत समजावून कागद रोग्याच्या हाती द्यावा.

छातीत कळ आली तर मात्र त्या वाराची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा, आधी ईसीजी.

ही भीक नव्हे. बारवीला जमीन देऊन याचे मोल आम्ही आगाऊच मोजले आहे. जिल्हा बैठकीत हा ठराव एकमुखाने झाला पाहिजे!