औषधाचा परवाना भाड्याने मिळतो, ज्ञान मिळत नाही

छिंदवाडा जिल्ह्यात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक लहान मुलांचा जीव घेतला. त्यातली बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती आणि तिथेच गेली. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८ टक्क्यांच्या आसपास निघालं. आरमोरीचा माणूसही मोठ्या दुखण्यात नागपूरचाच रस्ता धरतो. म्हणून ही बातमी आम्हाला दुसऱ्या राज्याची वाटली नाही.

हे विष नवं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये तेच निघालं, १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. चर्चा दरवेळी कंपनी, डॉक्टर आणि सरकारी तपासणीची होते. व्हायलाच हवी. पण औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये शेवटी उभा असतो तो फार्मासिस्ट. त्याच्याबद्दल आपण कधी बोलणार?

दुकानात बसून कुणी सिरपमधलं विष तपासू शकत नाही, हे खरं. पण क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन हे त्या सिरपमधलं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं होतं. चिठ्ठी वाचून “बाळाचं वय किती?” असं विचारणारा माणूस काउंटरवर असला, तर निदान एक दार तरी बंद होतं.

आपल्या गडचिरोलीत तर हा माणूस आणखी गरजेचा. इथला मलेरियाच घ्या. व्हायवॅक्स मलेरियात क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला की लोक गोळ्या सोडून देतात. पण जंतू यकृतात लपून बसलेला असतो, काही आठवड्यांनी तो परत येतो. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी, त्यांच्या लाल पेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात. गरोदर बाईला तर ते द्यायचंच नाही. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. हे सगळं रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून कोण सांगणार?

यालाच फार्माकोलॉजी म्हणतात: औषध शरीरात काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं. बी.फार्म.ला हा विषय चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सत्रात असतो. डी.फार्म.ला तो दुसऱ्या वर्षी येतो, सोबत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण.

आणि आपण काय करतो? पोराला नीटमध्ये मार्क कमी पडले की “डी.फार्म. करून टाक, लायसन्स भाड्याने देऊ.” प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर, स्वतः गावात नाही, औषध देणारा पोरगा दहावी शिकलेला. ही रीत सगळ्याच समाजांत आहे, आपल्यातही आहे. १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं. कायदा बाजूला ठेवा. दुसऱ्याचा जीव ही अमानत आहे. घरबसल्या येणारं ते भाडं हलाल कमाई कशी म्हणायची, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आपला वारसा तर वेगळाच आहे. इब्न सीनांनी हजार वर्षांपूर्वी ‘अल-कानून’मध्ये औषध कसं पारखावं याचे नियम लिहिले. सलीमुज्जमाँ सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून एक अल्कलॉइड वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्यावरून त्याला ‘अजमलीन’ नाव दिलं. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला उभी केली. त्याच कंपनीने २००१ मध्ये एड्सची औषधं दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केली. अक्कलकुव्यासारख्या आदिवासी तालुक्यात जामियाचं फार्मसी कॉलेज चालतं. मग आपल्याकडेच ही तालीम फक्त भिंतीवरच्या फ्रेमपुरती का?

अडचणी आम्हाला माहीत आहेत. मराठी किंवा उर्दू माध्यमातलं पोर एकदम जाड इंग्रजी पुस्तकासमोर बसतं आणि नोट्स पाठ करून सुटायला बघतं. पण फार्मसी कौन्सिलने २०२२ मध्ये डी.फार्म.साठी एक्झिट परीक्षेचे नियम आणले, म्हणजे पाठांतराचे दिवस आता फार उरलेले नाहीत. अकरावी-बारावीतच जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे शब्द मराठी-उर्दूत समजावून, मग इंग्रजीत पक्के करून घेणं, हे आम्हा शिक्षकांचं काम. मशीद कमिटी आणि अंजुमन यांनी संध्याकाळी एक खोली आणि चार पुस्तकं दिली तरी खूप झालं. मुलींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. कागदपत्रं प्रवेशाच्या तोंडावर नको, आत्ताच काढून ठेवा.

उद्या या तालुक्यातली एखादी आई रात्री तापलेलं लेकरू घेऊन मेडिकलवर येईल. तेव्हा काउंटरमागे आपलं पोर हजर असावं आणि गोळी देण्याआधी त्याने दोन प्रश्न विचारावेत. एवढं झालं तरी त्याचं शिक्षण कामी आलं.