कोळशाच्या देशातील बॅटरी

फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन कोळशाचा तुकडा हातात घेऊन संसदेत उभे राहिले आणि ह्याला भिण्याचे कारण नाही, असे त्यांनी विरोधकांना सुनावले. कोळशाच्या निर्यातीत अग्रेसर असलेल्या देशाच्या मंत्र्याने असे बोलावे ह्यात नवल नाही. नवल हे, की त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलिया ह्या राज्याने जेम्सटाऊन गावानजीक त्या काळची जगातील सर्वांत मोठी लिथियम बॅटरी कार्यान्वित केली.

त्यामागे एक कटू अनुभव होता. सप्टेंबर २०१६ मध्ये वादळाने विजेचे मनोरे कोसळले आणि संपूर्ण राज्य अंधारात बुडाले. खापर पवनऊर्जेवर फुटले. तो आरोप अगदीच निराधार नव्हता. विजेचा दाब वारंवार घसरताच काही पवनऊर्जा केंद्रे आपल्या संरक्षक यंत्रणेतील मर्यादेमुळे बंद पडली होती. परंतु तो दोष दुरुस्त होण्यासारखा होता आणि पुढे तो दुरुस्तही करण्यात आला.

ही बॅटरी राज्याला रात्रभर उजेड देते, असा समज कोणी करून घेऊ नये. आरंभी तिची क्षमता १०० मेगावॅट आणि साठा १२९ मेगावॅट-तास होता. पूर्ण शक्तीने वीज दिल्यास तो तासाभरात, फार तर थोड्या अधिक वेळात, संपणार. तिचे खरे काम तोल सांभाळण्याचे आहे. एखादे मोठे केंद्र अकस्मात बंद पडले की जाळ्यातील विजेची वारंवारता ढळते, आणि ती सावरण्यास बॅटरीला क्षणार्धही पुरतो. डिसेंबर २०१७ मध्ये शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातील एका कोळसा-केंद्राचा मोठा संच बंद पडला तेव्हा हे दिसून आले. आता त्या राज्यातील वार्षिक विजेचा बहुतांश भाग वारा आणि सूर्य ह्यांपासून मिळतो.

तंत्रज्ञानाचा प्रश्न असा बराचसा सुटला. माणसांचा सुटला का? राज्यातील शेवटचे कोळसा-केंद्र पोर्ट ऑगस्टा येथे होते. ते मे २०१६ मध्ये बंद झाले आणि कामगारांची उपजीविका गेली. २०१७ च्या आरंभी तेथील राखेची धूळ गावावर उडाली. नागरिकांनी वर्षानुवर्षे मागितलेला सौर-औष्णिक प्रकल्प त्याच वर्षी जाहीर झाला खरा, पण अर्थसाहाय्याअभावी २०१९ मध्ये रद्द झाला. उष्णता साठवून रात्री वीज देणारा तो प्रकल्प ह्या गावाच्या हक्काचा होता, असे आमचे मत आहे.

घरगुती बॅटरीसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ पासून सवलत दिली आहे. ज्याच्या मालकीचे छप्पर आहे, त्याला ती सहज लाभते. भाडेकरूने काय करावे?

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात जीवाश्म इंधनांची जागा विनाविलंब, टप्प्याटप्प्याने अन्य ऊर्जेने घ्यावी, असे सांगितले. तोवर कमी हानिकारक मार्ग स्वीकारण्याची मुभाही दिली. जुनी केंद्रे काही काळ चालू ठेवणे ह्या मुभेत बसेल. क्वीन्सलंडमध्ये एका भारतीय उद्योगसमूहाने उघडलेली कार्मायकल ही नवी खाण मात्र त्यात कशी बसवावी, हे आम्हांस उमगत नाही. २०२१ च्या अखेरीस तिचा पहिला कोळसा निर्यातीसाठी बंदरावर पोहोचला.